आजोबांच्या कॅसेटी आणि जगाची परिषद



या सदराकडे येणाऱ्या पत्रांत बहुतेक वेळा मुलांच्या प्रवेशाचे, लग्नातल्या खर्चाचे, नाहीतर घरातल्या कुरबुरीचे प्रश्न असतात. या खेपेला एका ताईंचे पत्र निराळे आहे. त्यांची मुलगी ग्रंथालयशास्त्र शिकते. तिच्या सरांनी वर्गात सांगितले की ध्वनिमुद्रणे आणि चित्रफिती जपण्याचे काम करणाऱ्यांची एक जागतिक परिषद दरवर्षी भरते, आणि तिथे कोणत्या विषयावर बोलायचे याचे प्रस्ताव सगळ्यांकडून मागवतात. मुलगी घरी येऊन म्हणाली, "आई, आजोबांच्या गायनपार्टीच्या कॅसेटी ट्रंकेत पडल्या आहेत, त्यावर लिहून पाठवू का?" ताई आम्हाला विचारतात, एवढ्या मोठ्या लोकांच्या सभेत आमच्या ट्रंकेतल्या कॅसेटींचे काय काम? पोरीचा वेळ तर फुकट जाणार नाही ना?

ताई, वेळ फुकट जाणार नाही. उलट अशा सभेत ट्रंकेतल्या कॅसेटींचा विषय निघत नाही, तो निघायला हवा, असे आमचे मत आहे. मात्र विषय कसा मांडायचा याची एक रीत असते. ती समजून घेतली नाही तर चांगला विषयसुद्धा बाजूला पडतो. म्हणून या वेळचे सदर आम्ही त्यालाच देत आहोत. ज्यांच्या घरात, विहारात, जयंती मंडळाच्या कपाटात जुन्या कॅसेटी आणि व्हिडिओ टेप आहेत त्या सर्वांनी ते वाचावे.

आधी परिषद म्हणजे काय ते पाहू. ध्वनी आणि दृकश्राव्य संग्रहालयांची जागतिक संघटना १९६९ साली ॲमस्टरडॅमला स्थापन झाली. तिला थोडक्यात 'आयासा' म्हणतात. जगभरची रेडिओ केंद्रे, राष्ट्रीय ग्रंथालये, विद्यापीठे आणि लहानमोठे संग्रह तिचे सभासद आहेत. तिची वार्षिक परिषद दरवेळी वेगळ्या देशात भरते. २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये ती आपल्या दिल्लीत भरली होती. १९८२ साली स्थापन झालेली आणि आता गुरुग्रामला असलेली संगीताच्या ध्वनिमुद्रणांची एक संस्था, एआरसीई, हिने तिचे यजमानपद केले होते. म्हणजे ही परिषद आपल्या दारापर्यंत येऊन गेलेली आहे. चित्रपट आणि व्हिडिओ जपणाऱ्यांची अशीच एक संघटना अमेरिकेत आहे, 'अमिया' नावाची. आग्नेय आशिया आणि प्रशांत महासागरातल्या देशांची 'सीपाव्हा' ही संघटना १९९६ साली मनिला येथे स्थापन झाली.

आता मुद्द्याची गोष्ट. या परिषदांची विषयपत्रिका कोणी वरून ठरवून देत नाही. परिषदेच्या काही महिने आधी आवाहन निघते. ज्याला बोलायचे आहे त्याने विषयाचे नाव, एक-दोन परिच्छेदांचा सारांश आणि स्वतःची थोडक्यात ओळख पाठवायची. एक समिती सगळे प्रस्ताव वाचते आणि त्यांतून निवड करते. कोणी एकट्याने निबंध वाचतो, कोणी तिघा-चौघांचे सत्र घेतो, कोणी हाताने काम करून दाखवणारी कार्यशाळा घेतो, कोणी भिंतीवर तक्ता लावून येणाऱ्या-जाणाऱ्याला समजावून सांगतो. आपल्या जयंती मंडळाच्या बैठकीत काय होते ते आठवा. ज्याने हात वर केला त्याचा मुद्दा वहीत लिहिला जातो. जो मागे बसून कुजबुजला त्याचा राहून जातो, आणि मग वर्षभर तोच म्हणतो की आमचे कोणी ऐकत नाही. जागतिक परिषदेतही यापेक्षा वेगळे काही घडत नाही.

कोणी म्हणेल, नाही बोलले तर काय बिघडते? सांगतो. अशा परिषदांत भेटणाऱ्या तज्ज्ञांच्या समित्याच नियम बनवतात. ध्वनिमुद्रणाची डिजिटल प्रत कशी करावी याची आयासाची मार्गदर्शिका २००४ साली निघाली, २००९ साली तिची सुधारित आवृत्ती आली, आणि आज जगभर तिचा आधार घेतात. २०१९ साली युनेस्कोने आयासाच्या सहकार्याने चुंबकीय टेपविषयी धोक्याची सूचना दिली. टेप अजून टिकेलही, पण ती वाजवणारी यंत्रे, त्यांचे सुटे भाग आणि ती दुरुस्त करणारी माणसे संपत चालली आहेत, असा तिचा आशय होता. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय संग्रहालयाने तर त्याआधीच २०२५ ही हद्द सांगून ठेवली होती. ते वर्षही आता आले आणि गेले. व्हीसीआर बनवणाऱ्या शेवटच्या कंपनीने, जपानच्या फुनाईने, २०१६ साली उत्पादन थांबवले. आपल्या बाजारात टेपरेकॉर्डरचे हेड बदलून देणारा कारागीर शोधून पाहा, म्हणजे कळेल.

वेळ कमी आणि कॅसेटी अफाट, असे झाले की कोणत्या आधी वाचवायच्या हा प्रश्न येतो. तेव्हा ज्यांच्या बाजूने बोलणारा कोणी असतो त्यांचा नंबर आधी लागतो. १९५५ साली बीबीसीने घेतलेली बाबासाहेबांची मुलाखत आज आपण त्यांच्याच आवाजात ऐकतो, कारण ती एका मोठ्या संस्थेच्या कपाटात होती. आपल्या वस्तीतल्या गायकाला कुठले कपाट? नामवंत कंपन्यांनी काढलेल्या भीमगीतांच्या कॅसेटींच्या हजारो प्रती निघाल्या, त्यांतल्या काही कुठे ना कुठे राहतील. पण जयंतीच्या रात्री मंडपात कोणीतरी स्वतःचा टेपरेकॉर्डर स्टेजपाशी ठेवून भरलेली कॅसेट जगात एकच असते. गायकाचा सामना रंगलेला असतो, मध्येच एखादे लेकरू रडते, कोणीतरी पाच रुपये बक्षीस पुकारतो. एका बाजूला हे, आणि उलटवली की दुसऱ्या बाजूला बारशाची गडबड, नाहीतर थोरल्या मुलाने हौसेने वर भरलेली सिनेमाची गाणी! ही कॅसेट गेली की त्या गायकाचा आवाज गेला. लोककवी वामनदादा कर्डक २००४ साली गेले. त्यांची गाणी गावोगावच्या गायकांच्या वह्यांत आणि गळ्यांत राहिली. त्या गायकांपैकी कितीतरी आता हयात नाहीत.

कामकरी माणसाचा आवाज जपता येतो, याची उदाहरणे आपल्याकडेही आहेत. पुण्यात गी पॉयटव्हँ आणि हेमा राईरकर यांनी जात्यावरच्या ओव्या गोळा करण्याचे काम हाती घेतले. हजारावर गावांतून लाखाहून अधिक ओव्या लिहून घेतल्या गेल्या, आणि १९९० नंतर त्यांचे ध्वनिमुद्रणही झाले. १९९६ साली बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या भीमनगरातील बायांनी गायिलेल्या बाबासाहेबांवरच्या ओव्या त्यात आहेत. २०१७ पासून 'पारी' या संस्थेने तो संग्रह सर्वांसाठी खुला केला आहे. त्यात प्रत्येक ओवीसोबत गाणाऱ्या बाईचे नाव आणि गाव असते. हे आम्हाला फार मोलाचे वाटते. एरवी आपल्या बायांची गाणी 'लोकगीत' या एका शब्दात गुंडाळली जातात आणि गाणारी बिननावाची राहते.

दुसरे उदाहरण दूरचे आहे, पण ताईंच्या मुलीने ते जरूर वाचावे. अमेरिकेच्या मेन राज्यात पासामाक्वॉडी नावाची मूळ रहिवासी जमात आहे. १८९० साली फ्यूक्स नावाच्या अभ्यासकाने एडिसनचे नवे यंत्र नेऊन त्यांची गाणी आणि गोष्टी मेणाच्या नळकांड्यांवर भरून घेतल्या. अशा प्रकारचे हे पहिलेच ध्वनिमुद्रण मानतात. ती नळकांडी आधी हार्वर्डच्या संग्रहालयात आणि पुढे अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयात गेली. ज्यांचा आवाज होता त्यांच्या नातवंडांना तो ऐकायला मिळत नव्हता. १९७९ साली त्या ग्रंथालयाने अशा नळकांड्यांच्या प्रती करून त्या-त्या जमातींना परत देण्याचे काम सुरू केले. अलीकडे नव्या तंत्राने आवाज अधिक स्पष्ट झाला तेव्हा जमातीतल्या जाणत्या माणसांनी बसून एकेक शब्द उतरवून घेतला. २०१८ पासून ग्रंथालयाच्या यादीत त्या गाण्यांना त्यांच्याच भाषेतली नावे आहेत, आणि कोणते गाणे कसे वापरावे याच्या जमातीने दिलेल्या सूचनाही आहेत. सव्वाशे वर्षे गेली, पण यादी लिहिण्याचा अधिकार परत मिळाला.

शिकागो शहराच्या दक्षिण भागात कृष्णवर्णीयांची मोठी वस्ती आहे. तिथल्या कुटुंबांनी घरच्या कॅमेऱ्यावर काढलेल्या फिल्मा, म्हणजे वाढदिवस, चर्च, गल्लीतली मिरवणूक, हे सारे जपण्याचा उपक्रम जॅकलिन स्टुअर्ट या प्राध्यापिकेने २००५ साली सुरू केला. कुटुंबाला डिजिटल प्रत मिळते आणि फिल्म पाहताना घरातली माणसे जे सांगतात तेही नोंदवून घेतात. कारण चित्रात कोण उभे आहे हे घरच्या म्हाताऱ्या माणसाशिवाय कोणाला ठाऊक असणार? आपल्या दलित पँथरने १९७२ साली त्या समाजाच्या लढ्याकडून नाव घेतले होते. आज आपल्या ट्रंका उघडण्याची रीतही त्यांच्याकडून घ्यायला हरकत नाही.

आणखी एक गोष्ट तर थेट परिषदेतूनच निघाली. २०१० साली फिलाडेल्फियाला अमिया आणि आयासा यांची संयुक्त परिषद झाली. त्या वेळी काही सभासदांनी पुढाकार घेऊन एक दिवस स्थानिक लोकांच्या संग्रहात जाऊन टेपांची यादी करून देण्याचा प्रघात सुरू केला. बाहेरगावाहून आलेले तज्ज्ञ आणि वस्तीतली माणसे एका टेबलाशी बसली. ही कार्यशाळा पुढे अनेक ठिकाणी झाली. आपल्या एखाद्या विहारात असे का होऊ नये, हाच मुळी प्रस्तावाचा विषय होऊ शकतो.

आता प्रस्ताव लिहायचा कसा. नवशिका मुलगा-मुलगी बहुधा असे शीर्षक देतात: 'भारतीय लोकसंगीताच्या ध्वनिमुद्रित वारशाचे महत्त्व आणि आव्हाने'. ऐकायला भारदस्त वाटते, पण समितीपुढे असे प्रस्ताव ढिगाने येतात. महत्त्व आहे हे त्यांना माहीत आहे. ते ठाऊक नसते तर परिषद कशाला भरवली असती? त्यांना हवे असते ते फक्त तुम्हालाच सांगता येईल असे काही. समजा, घरात चाळीस कॅसेटी आहेत. मग शीर्षक असे द्यावे: 'गायक कोण, मालक कोण: एका कामगार वस्तीतील चाळीस घरगुती कॅसेटींची यादी करताना'. आणि खाली साध्या वाक्यांत लिहावे की या कॅसेटी कोणी भरल्या, कोणत्या प्रसंगी भरल्या, किती वाजतात आणि किती बुरशीने गेल्या. किती कॅसेटींवर नाव नाही आणि नाव शोधायला कोणाकोणाकडे गेलो. एकाच कॅसेटवर गाणे आणि बारसे दोन्ही असेल तर यादीत काय लिहायचे, हा आमच्यापुढचा प्रश्न आहे. तुमच्या नियमांत याचे उत्तर नाही, आम्ही असे-असे करून पाहिले. झाले, एवढे पुरे. प्रश्न एकच ठेवावा आणि तो खरा असावा. ऐकणाऱ्याला घरी जाताना काय मिळेल हे शेवटच्या वाक्यात सांगावे, उदाहरणार्थ यादीचा नमुना.

शब्दमर्यादा दिलेली असते, ती पाळावी. इंग्रजी साधे असले तरी चालते. अवघड शब्द घालून वजन वाढत नाही. सारांशात 'आमच्या समाजावर अन्याय झाला' एवढेच लिहून थांबू नये. अन्याय कोणत्या कपाटात, कोणत्या यादीत, कोणत्या शब्दात दिसतो ते दाखवावे. 'अज्ञात गायक' ही नोंद दाखवली आणि शेजारी त्या गायकाच्या सुनेने सांगितलेले नाव ठेवले, की वेगळे भाषण लागत नाही.

तिघा-चौघांचे सत्र मांडायचे असेल तर व्यासपीठावर कोण बसणार याचा आधी विचार करावा. एक अभ्यासक, एक टेप दुरुस्त करणारा तंत्रज्ञ, आणि तिसरी खुर्ची गायकाच्या घरच्या माणसाला द्यावी. तो मराठीत बोलेल, मुलगी इंग्रजीत सांगेल. आपल्याविषयी दुसऱ्यांनी बोलायचे आणि आपण श्रोत्यांत बसायचे, हे पुष्कळ झाले. आनंद पटवर्धन यांनी चौदा वर्षे चित्रण करून २०११ साली 'जयभीम कॉम्रेड' हा चित्रपट पुरा केला, त्यात आपल्या शाहिरांचे आवाज राहिले आहेत, हे उपकार आम्ही मानतो. पण प्रत्येक वस्तीला असा चित्रपट मिळणार नाही.

प्रस्ताव पाठवण्याआधी घरच्यांची आणि गायकाच्या वारसांची लेखी संमती घ्यावी. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे प्रसिद्ध झालेल्या ध्वनिमुद्रणाचा हक्क साठ वर्षे टिकतो. १९९४ च्या दुरुस्तीने गाणाऱ्या कलावंतालाही स्वतंत्र हक्क मिळाला, तो आता पन्नास वर्षांचा आहे. म्हणजे टेप आपल्या ट्रंकेत आहे म्हणून तीवरचे गाणे आपले, असे होत नाही. परिषदेत नमुना म्हणून दोन मिनिटे ऐकवायचे असले तरी विचारून घ्यावे. विचारल्याने माणसे दुरावत नाहीत. उलट 'आमच्या बाबांची आठवण आहे अजून कोणाला' म्हणून आणखी दोन कॅसेटी काढून देतात.

खर्चाचे काय, हा प्रश्न ताईंनी पत्राच्या शेवटी, जरा संकोचाने विचारला आहे. संकोच कसला! परदेशी परिषदेचा प्रवास आपल्या पगारात बसत नाही हे उघड आहे. आयासाकडे प्रवासासाठी अनुदानाची सोय असते, अमियाकडे विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्त्या असतात. त्यांचे अर्ज वेगळे करावे लागतात आणि मुदतही वेगळी असते, म्हणून आवाहन निघाले की दोन्ही तारखा वहीत लिहून ठेवाव्यात. कोरोनाच्या काळात, २०२० साली, आयासाची परिषद घरबसल्या पडद्यावर झाली होती. दुरून बोलता येईल का हे आयोजकांना पत्र लिहून विचारता येते. प्रस्ताव नाकारला गेला तरी मजकूर वाया जात नाही. तोच पुढच्या वर्षी सुधारून पाठवता येतो, किंवा आपल्याच विद्यापीठातल्या चर्चासत्रात मांडता येतो.

पण हे सारे नंतर. हातात यादी नसेल तर प्रस्तावात लिहिणार काय? म्हणून या महिन्यात ताईंनी आणि मुलीने ट्रंक उघडावी. कॅसेटी लगेच वाजवू नयेत. आत पांढरी बुरशी दिसली तर ती कॅसेट वेगळ्या पिशवीत ठेवावी, कारण ती वाजवली की बुरशी यंत्राला लागते आणि पुढच्या कॅसेटींना जाते. कॅसेटच्या मागच्या कडेला दोन लहान प्लास्टिकचे तुकडे असतात, ते मोडून टाकावेत, म्हणजे चुकून वर दुसरे काही भरले जाणार नाही. पट्टी सैल झाली असेल तर पेन्सिल घालून हलके फिरवावी. कॅसेटी पुस्तकासारख्या उभ्या ठेवाव्यात. त्या टीव्हीवर, स्पीकरजवळ किंवा पत्र्याच्या छपराखालच्या माळ्यावर ठेवू नयेत.

प्रत करून घ्यायची असेल तर दुकानदार सहसा एमपी-थ्री करून देतो. ती ऐकायला ठीक आहे, पण जपायची प्रत वेव्ह फाइलमध्ये घ्यावी. आयासाच्या मार्गदर्शिकेप्रमाणे चोवीस बिट आणि शक्यतो शहाण्णव किलोहर्ट्झ, असे दुकानदाराला कागदावर लिहूनच द्यावे. एका तासाच्या कॅसेटला सुमारे दोन जीबी जागा लागते. दोन वेगळ्या ठिकाणी प्रती ठेवाव्यात, आणि मूळ कॅसेट फेकू नये.

यादीसाठी शाळेची शंभर पानी वही पुरते. रकाने पाच आखावेत: कॅसेटचा क्रमांक, वर लिहिलेला मजकूर जसाच्या तसा, कोणी व कधी भरली, आज स्थिती कशी आहे, आणि आवाज ओळखू शकेल असे कोण हयात आहे. पाचव्या रकान्यात ज्यांची नावे येतील त्यांच्याकडे आधी जावे, कॅसेटींकडे नंतर.